न विचारता नेलेला पंप

मी या घरात सून म्हणून आले आणि चार दिवसांत टपालवाली झाले. चेष्टा नाही करत. अंगावरची हळद उतरली नव्हती, आणि सासूबाई भाकर थापता थापता मला म्हणाल्या, "आशा, त्याइले सांग, पानी तापलं." त्याइले म्हणजे माझ्या सासऱ्यांना. सासरे चार पावलांवर ओसरीत बसलेले. मी पदर सावरत गेले, "मामाजी, पाणी तापलं." ते म्हणाले, "माणिकच्या मायले सांग, येतो." माणिक म्हणजे आमचे हे. मी परत चुलीपाशी. "आत्याबाई, येतो म्हणतात." तर आत्याबाई, "सांग, धोतर दोरीवर हाय." तिसऱ्या फेरीला माझं डोकं फिरलं. मी दुसरबीडची. आमच्याकडेही बायका नवऱ्याशी भांडतात, पण तोंडानं भांडतात. शनिवारी जानेफळच्या शाळेत मास्तर असलेले आमचे हे घरी आले, तेव्हा त्यांना विचारलं, तुमच्या आईबापाच्या जिभेला काय झालंय? हे वहाणा काढत शांतपणे म्हणाले, "मायचा अबोला हाय. अकरा वर्सं झाले."

अकरा वर्षं. अबोला मला काही नवा नव्हता. घरोघरी मातीच्या चुली, आणि घरोघरी दोनचार दिवसांचे अबोले. लुगडं आणलं नाही म्हणून, माहेरी धाडलं नाही म्हणून. पण त्याला काही सुमार? आणि बाकी सगळं जागच्या जागी. नवऱ्याचं ताट वाढणार, आजारात उशाशी बसणार, डोक्याला तेल चोळणार, सगळं मुकाट्यानं. वटपौर्णिमेला दिवसभर उपाशी राहून सात जन्म हाच नवरा मागणार, आणि या जन्मी त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही. आमच्या लग्नात बायकांनी घेरलं तेव्हा आत्याबाईंनी उखाणासुद्धा घेतला होता, "रुईतून निघते सरकी, सरकीतून निघतं तेल, इंद्रभानरावांचं नाव घेते, दारी फुलला वेल." मामाजी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते म्हणे. नाव घेतलं, पण ते बायकांपुढे घेतलं. त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मामाजी खामगावच्या एका जिनात फिटर होते. बुटके, रुंद खांद्यांचे, हाताच्या रेघांत काळं तेल मुरलेलं. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे आणि ते फिरवणारं ऑइल इंजिन, हे त्यांचं सगळं जग. त्या इंजिनाला हात लावून त्यांना कळायचं कुठं दुखतंय ते. माणूस सोन्यासारखा. पण एक खोड होती. कामाची वस्तू दिसली की उचलायची. माझ्या आरशाचा खिळा एकदा गेला, तो कुठल्या तरी पट्ट्याला लागला. खाटेचा नाडा गेला. विचारायचं असतं हे त्यांच्या गावीच नव्हतं. वस्तू पडून आहे, काम अडलंय, मग विचारायचं काय त्यात?

त्या खोडीनंच हा अबोला आणला. आत्याबाईंचे वडील, अर्जुनराव, खामगावातच एका कापूस कंपनीच्या बंगल्यावर चौकीदार होते. साहेब देश सोडून निघाला, तेव्हा त्यानं जाताना अर्जुनरावांना आपल्या स्वयंपाकघरातला पितळी स्टो दिला. तेव्हाच वीसबावीस वर्षांचा जुना होता तो. गोल टाकी, तीन पाय, वर बर्नर, बाजूला पंप. पंप मारला की घासलेट नळीतून वर चढतं आणि निळा जाळ भर्र आवाज करत पेटतो. चौकीदाराच्या घरी घासलेट जाळायला कुठून परवडणार? त्यांनी तो लेकीला दिला. आळीत एकीकडेही स्टो नव्हता. बायका बघायला यायच्या. आत्याबाई त्याच्यावर फक्त चहा करायच्या आणि सणाला पुरण शिजवायच्या, आणि रोज फडक्यानं पुसून झाकून ठेवायच्या.

पन्नास सालच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अर्जुनराव लेकीकडे जेवायला यायचे होते. आदल्या दिवशी जिनातल्या इंजिनाचा तेल पाजायचा पंप फुटला. हंगामाचं शेवटचं, फाटकाबाहेर गाड्यांची रांग, आणि नवा पंप मुंबईहून यायला आठ दिवस. मामाजी दुपारी घरी आले, आत्याबाई विहिरीवर होत्या, त्यांनी स्टोचा पंप काढला आणि घेऊन गेले. तो तिथं असा फिट बसला की इंजिन फिरलं. शेटजींनी मामाजींना धोतरजोडी दिली. आणि दुसऱ्या दिवशी अर्जुनराव जेवायला बसले आणि लेकीला म्हणाले, "पोरी, इस्टो पेटव बरं. लय दिवस झाले त्याचा आवाज आयकला नाही." आत्याबाईंनी कौतुकानं फडकं उचललं. पंपाच्या जागी भोक.

म्हातारा चुलीवरचं पुरण खाऊन गेला. श्रावणात वारला. आत्याबाईंनी त्या अखाजीपासून तोंड मिटलं ते मिटलंच. मामाजी म्हणायचे, नवा पंप आला की तुझा परत आणतो. पण चालतं इंजिन कोण खोलू देतं? स्टो पोत्यात बांधून माळ्यावर गेला.

आता चौसष्ट सालची गोष्ट सांगते. जिनात आदल्या वर्षी विजेची मोटर आली होती. इंजिन मागच्या शेडमध्ये भंगारात पडलं आणि मामाजी घरी बसले. तीस वर्षं रेच्यांच्या घरघरीत काम केल्यावर कान काय शिल्लक राहणार? उजवा त्यातल्या त्यात बरा होता. माझं ऐकू यायचं त्यांना, कारण माझा आवाज म्हणजे जिनाचा भोंगा, असं आमचे हेच म्हणतात. दसरा झाल्यावर यांनी वडिलांना अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं. परत आल्यावर मामाजी दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून माळ्यावर चढले आणि पोतं खाली घेऊन आले.

आत्याबाई तेव्हा वाकळ वाळत घालत होत्या. पोतं बघितलं. हातातली वाकळ तशीच धरून उभ्या राहिल्या. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "तवाही इचारलं नाही, आतासुद्धा नाही."

अबोल्यातलं बोलणं असं भिंतीला सांगायचं असतं, म्हणजे ते माणसाला ऐकू जातं. पण मामाजींची पाठ होती, आणि कान तसे. त्यांनी ऐकलंच नाही. हे पोचवायचं काम माझं. आणि मी ते पोचवलं नाही. मला वाटलं, बिचारा म्हातारा हौसेनं काहीतरी करायला बसलाय, कशाला त्याच्या तोंडावर मारायचं? टपालवालीनं पत्र फोडून वाचलं आणि चुलीत घातलं. त्याची टोचणी मला पुढं दोन महिने होती.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, "मामाजी, डॉक्टर काय म्हणाले?"

ते टाकीवरचा हिरवा गंज अंगठ्यानं खरवडत राहिले. "म्हने, पह्यले बारीक आवाज जातात. पाखराइचे, घंटीचे, बायकाइचे. जाड आवाज मांगून. एखांदं वर्स हाय म्हने, कमीच."

"मग?"

"मंग काय. चौदा वर्सं म्या घाई केली नाही. म्हटलं, बोलंन कधी तरी. आता कान थांबून नाही राह्यले." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हा इस्टो होता तसा करून देतो. मंग बोलली तं बोलली. पन तिले डॉक्टरचं सांगजो नको. कीव येऊन बोलली, तं थे बोलनं मले नाही पाह्यजे."

घ्या. आता माझ्या पदरात दोन गुपितं. एक त्यांचं, एक आत्याबाईंचं, न पोचवलेलं.

त्या दिवसापासून एक नवं सुरू झालं. सकाळी सायकल अंगणात काढायची, अंगठ्यानं घंटी एकदा वाजवायची, मान वाकडी करून ऐकायचं, आणि मगच स्टोपाशी बसायचं. मला कळायचं हे कशाचं माप आहे ते. मीही मग हातातलं काम थांबवून त्या घंटीकडे कान द्यायची.

त्यांनी बर्नर खोलला, टाकी खोलली, सगळे भाग ओळीनं गोणपाटावर मांडले. टाकीचं बूड गेलेलं होतं, ते कल्हईवाले अब्दुल गनीभाई घरी येऊन झाळून गेले. टाकी थंड राहते, तिथं कथलाचा झाळ चालतो. वर बर्नरला तो लावला तर जाळानं वितळेल, तिथं पितळच पाहिजे. हे सगळं मामाजी मला समजावून सांगायचे, जसं काही मी उद्या दुकान टाकणार होते. पंपाचं काय, असं मी विचारलं, तर गनीभाई म्हणाले, "है मेरे पास एक पुराना, बाई. बसवतो मी."

आणि मग मी घाण केली. दिवाळीची भांडी घासायला काढली होती. चिंच भिजवलेली, राख चाळलेली, हाताला फोड येईपर्यंत घासणं चाललेलं. मामाजी बाजारात गेलेले. गोणपाटावर ते काळंहिरवं पितळ बघून मला चैन पडेना. म्हटलं, होऊ दे त्यांना आनंद. पितळ म्हटलं की चिंच आणि राख, हे आमच्या हातांना सांगावं लागतं का? मी टाकी घासली, पाय घासले, आणि बर्नरही घासला, ओल्या राखेनं, खसाखसा. सोन्यासारखा चमकला मेला. निपल काढलेलं होतं, नळ्यांची तोंडं उघडी होती. त्या नळ्यांत राख गेली, आणि वाळून सिमेंटसारखी बसली.

दोन दिवसांनी गनीभाईंचा पंप लावून बघितला, तर घासलेट वर चढेना. हवा मार मार मारली. टाकी तट्ट. वर थेंब नाही. मामाजींनी बर्नर हातात घेऊन बराच वेळ उलटा सुलटा केला. म्हणाले, "म्हातारं झालं पितळ. आतून सडलं आसंन." आणि भिंतीला टेकून बसले. मी त्यांना तसं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. इंजिन बिघडलं की या माणसाच्या अंगात वीज यायची, आणि इथं एवढ्याशा बर्नरपुढे हात टाकून बसले.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मला तोंड उघडवेना. तीन दिवस मी गप्प, आणि तीन दिवस ते गप्प. चौथ्या दिवशी माझ्याच्यानं राहवेना. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि भोंग्याच्या आवाजात सांगितलं, "मामाजी, पितळ सडलं नाही. मी राखेनं घासला बर्नर. राख गेली आत."

मला वाटलं, आता बोलणी खावी लागतील. तर म्हातारा सरळ झाला. "राख हाय?"

"राख."

"हात्तिच्या, मंग निंघते की थे." आणि हसायला लागले. "राखंनं कोनी मरते का बे?" आयुष्यात पहिल्यांदा सासरा सुनेला बे म्हणाला आणि मला त्याचा राग आला नाही.

पण ती राख निघायला अठरा दिवस गेले. आंबट ताकात बर्नर उकळायचा, सायकलच्या ब्रेकच्या तारेचा एक धागा काढून नळीत घालायचा, गव्हाच्या दाण्याएवढी राख बाहेर यायची. परत उकळायचा. मी ताक पुरवत होते. आत्याबाई मागच्या दाराशी बसून धान्य निवडायच्या, आणि अधूनमधून त्यांचा तोल सुटायचा. कधी झाकण आदळायच्या, कधी उलथनं मामाजींच्या पाठीमागे टाकायच्या, कधी नुसत्या बांगड्या वाजवायच्या. मी मनात म्हणायची, सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही या बाईचा. एवढा म्हातारा माणूस तुझ्यासाठी राख कोरतोय आणि तू भांडी आदळतेस.

अठराव्या दिवशी सकाळी मामाजींनी सायकल काढली. घंटी वाजवली. मान वाकडी केली. पुन्हा वाजवली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "वाजली का?"

मी म्हटलं, "वाजली."

त्यांनी सायकल स्टँडवर लावली आणि येऊन गोणपाटावर बसले. मी गोठ्यात जाऊन रडले.

त्याच आठवड्यात बर्नर मोकळा झाला. गनीभाईंच्या पंपावर स्टो पेटला. जाळ पिवळा, अर्धा, फडफडणारा, पण पेटला. मामाजींनी मला म्हटलं, "माणिकच्या मायले सांग, येऊन पाह्य म्हना." मी गेले. आत्याबाई आल्या, दारात उभ्या राहिल्या, स्टो नीट बघितला, आणि भिंतीला म्हणाल्या, "इस्टो माह्या बाचा, पंप कोनाचा?" आणि गेल्या.

हे मात्र मी पोचवलं. शब्दाला शब्द.

मामाजींनी स्टो बंद केला. गनीभाईंचा पंप काढून फडक्यात गुंडाळला आणि मला म्हणाले, "परत देऊन ये." मग चार दिवस सायकल तशीच उभी.

खरा पंप कुठं आहे ते त्यांना माहीत होतं. जिनाच्या मागच्या शेडमध्ये, भंगारातल्या इंजिनाला अजून तसाच लावलेला. जायचं, आणि मागायचं. पण मागणार कोण? ज्या माणसानं जन्मात कुणाला काही मागितलं नाही, दिसलं ते उचललं आणि कामाला लावलं, त्यानं ज्या फाटकातून बिनकामाचा म्हणून बाहेर पडला, त्याच फाटकात जाऊन हात पसरायचा. पहिल्या दिवशी गेले आणि परत आले. मी विचारलं, काय म्हणाले? तर म्हणाले, मुनीमजीच्या नातवाचं बारसं झालं, चहा देल्ला, रुईचा भाव बरा हाय. ताकाला जाऊन भांडं लपवलं, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तू चाल संगं. तू इचार."

मला संताप आला. मी म्हटलं, "मामाजी, मी येते तुमच्याबरोबर. पण मी विचारणार नाही. आजवर सगळी टपालं मी नेली, हे पत्र तुमच्या हातचं आहे."

त्यांनी पागोटं बांधलं आणि निघाले. मी मागून.

मुनीम नारायणराव पेढीवर बसलेले. मामाजी पायरीखाली उभे राहिले. पाच मिनिटं नुसते उभे. माझी जीभ वळवळत होती, पण मी ओठ चावून धरले. मग त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाले, "मुनीमजी, एक मांगनं होतं. जुन्या इंजिनाले एक पितळी पंप हाय. थो मले देता का?"

नारायणराव मोठ्यानं म्हणाले, "कोन्ता पंप? जिनाचाच ना?"

"नाही," मामाजी म्हणाले. "माह्या बायकोचा हाय. म्या नेल्ता. तिले इचारलं नव्हतं."

नारायणरावांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घेऊन जा ना बाप्पा," ते हळूच म्हणाले. मामाजींना ऐकू आलं नसावं, म्हणून मी मान डोलावून दाखवली. शेडमध्ये इंजिनावर घुशींची माती चढली होती. ज्या हातांनी चौदा वर्षांपूर्वी तो पंप बसवला त्याच हातांनी त्यांनी काढला. पाना दोनदा घसरला.

घरी आल्याबरोबर मी चुलीपाशी गेले. आत्याबाई भाकर भाजत होत्या. मी सांगितलं, "आत्याबाई, पंप आणला. मामाजींनी मागून आणला. माझ्या बायकोचा आहे, तिला विचारलं नव्हतं, असं म्हणाले मुनीमजींना."

"आसं म्हनले?"

"माझ्यासमोर म्हणाले."

त्या विस्तवाकडे बघत राहिल्या. तव्यावरची भाकर करपली. त्या घरात आत्याबाईंच्या हातची भाकर करपलेली मी त्याआधी बघितली नव्हती आणि नंतरही नाही.

पंपाचं चामडं वाळून गळून पडलेलं. मामाजींनी स्वतःच्या वहाणेच्या टाचेतून नवं कापलं, एरंडेलात दोन दिवस भिजवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन ओसरीत आल्यावर, सगळं जोडून तयार झालं. टाकी, पाय, बर्नर, पंप. त्यांनी काकडा पेटवून बर्नर तापवला, चावी आवळली, आणि पंप मारायला लागले. पाच, सहा, सात. आणि तो पेटला. पिवळा नाही, फडफड नाही. निळा गोल जाळ, आणि असा भर्र आवाज की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. मामाजींना तो कानानं किती कळला कुणास ठाऊक, पण त्यांनी टाकीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले, इंजिनावर ठेवायचे तसा.

आत्याबाईंना बोलवायला जायची गरज पडली नाही. त्या आवाजावर त्या आपोआप आल्या. लुगड्याला ओले हात पुसत ओसरीत आल्या, जाळाकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. बापाला जो आवाज ऐकायचा होता तो हाच. मग त्या मामाजींच्या समोर येऊन उभ्या राहिल्या, भिंतीकडे नाही, माझ्याकडे नाही, सरळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि बोलल्या.

मला एक अक्षर ऐकू आलं नाही. स्टो गर्जत होता. ओठ हललेले तेवढे दिसले.

मामाजींनीही ते ओठ बघितले. चौदा वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर घडलं, आणि त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. त्यांचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. ते माझ्याकडे वळले आणि नेहमीसारखं विचारलं, "काय म्हनली?"

मी काय सांगणार? मला तरी कुठं कळलं होतं? आणि मग मला राहवलं नाही, गुपित गेलं खड्ड्यात. मी आत्याबाईंचा दंड धरला आणि ओरडले, "आत्याबाई, त्यांना ऐकू नाही येत हो आता. बारीक आवाज गेला त्यांचा. डॉक्टरनं सांगितलंय, आणि मला तुम्हाला सांगू दिलं नाही."

आत्याबाईंनी माझा हात सोडवला. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "माहीत हाय मले. महिनाभर भांडे का उगीच वाजवून राह्यली म्या? उलथनं पाठीमांगं पडलं तरी मान नाही वळली. डावा कान तं गेलाच हाय, उजव्यात आजून थोडकं हाय."

मी तिथंच थिजले. मी त्या आदळआपटीला राग समजत होते.

त्या खाली वाकल्या. ज्या स्टोसाठी त्या माणसानं अठरा दिवस राख कोरली, मुनीमापुढे पागोटं काढलं, त्या स्टोची चावी त्यांनी दोन बोटांनी सैल केली. हवा सूं करत निघून गेली, जाळ बसला, आवाज बंद. ओसरी एकदम शांत झाली. मग आत्याबाई मामाजींच्या उजव्या अंगाला गेल्या, जमिनीवर टेकल्या, त्यांच्या कानाशी तोंड नेलं, आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "इचारलं असतं, तं म्या देल्लाच असता पंप."

मामाजी हलले नाहीत. मला वाटलं, गेलं, हेही नाही पोचलं. मग त्यांच्या पांढऱ्या दाढीच्या खुंटांवरून पाणी खाली आलं. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. काडेपेटी त्यांच्या हातातच होती. त्यांनी एक काडी बाहेर काढली, पण ओढली नाही. ती तशीच धरून बायकोकडे तोंड वळवलं.

"पेटवू का?" त्यांनी विचारलं.

आत्याबाई पुन्हा त्यांच्या कानाशी वाकल्या. "पेटवा," त्या म्हणाल्या. "अन चहा ठेवते, उठू नका."

मी कोपऱ्यातली घागर उचलली आणि विहिरीवर निघाले. घरात पाणी भरलेलं होतं, सकाळीच भरलं होतं मी. पण त्या दोघांत त्या वेळी माझं काही काम नव्हतं.